मुद्दा सहावा : आगीचा बंब

आग आणि चाक यांच्यानंतर मानवजातीनं जे काही मोठे निर्णय घेतले, त्यांतला एक स्वीडनमधल्या आमच्या ओरेब्रू गावात, 'खारुताई' बालवाडीच्या खेळघरात, मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला घेण्यात आला. घेणारे आम्ही अकरा जण होतो, आणि अकराही जण वीतभर उंचीच्या खुर्च्यांवर गुडघे कानांशी लावून बसलो होतो. अशा आसनावर बसून माणूस जगाचं कल्याण करू लागला, की जगानं जरा जपून राहावं.

'खारुताई' पालकांनी मिळून चालवलेली आहे. म्हणजे फरशी पालक पुसतात, कुंपण पालक रंगवतात, दालचिनीचे बन पालक भाजून आणतात. मुलांना तेवढं पालक सांभाळत नाहीत, त्यासाठी गुन्वोरबाई आहेत. माझी मुलगी जहाजावर नोकरीला असते, म्हणून नातवाच्या, फोल्केच्या, वतीनं सभांना मी जातो. मी निवृत्त पोस्टमन. वेळ आहे, दाढी आहे आणि मत नाही. समितीला याहून चांगला सभासद मिळत नाही. दर सभेत इतिवृत्त तपासून सही करायला एक माणूस निवडतात. गेली दोन वर्षं तो माणूस मी आहे.

पहिले पाच मुद्दे गटारातली पानं, मोजे हरवणं वगैरे होते, ते दहा मिनिटांत आटपले. सहावा मुद्दा खेळण्यांचा. आमची अध्यक्ष इल्वा उठून उभी राहिली. इल्वा फार भली बाई आहे. इतकी भली, की तिच्यासमोर गेलं की आपण उगाचच काहीतरी चोरलंय असं वाटायला लागतं.

"आपल्या खेळघरात नजर फिरवा," ती म्हणाली. "कोण दिसतं?"

आम्ही नजर फिरवली. एका कानाचं अस्वल दिसलं. ठोकळे दिसले. कोपऱ्यात आगीचा बंब दिसला.

"जग दिसत नाही," इल्वा म्हणाली.

खरं होतं. जग तिथे नव्हतं.

मग तिनं सांगितलं, की नगरपालिकेनं विविधतेच्या खेळण्यांसाठी अनुदान मंजूर केलंय, नाना देशांच्या बारा बाहुल्या बघून ठेवल्यात, आणि त्यांना मांडायला एक मोकळा कोपरा हवा. बोलता बोलता ती बंबापाशी गेली. बंब लाकडी, लालभडक, मागे एक मूल मावेल एवढी जागा, वर पितळी घंटा. पुढे चालकाच्या जागी एक लाकडी बंबवाला ठोकलेला. गुलाबी गाल, पिवळ्या मिशा.

"हा मुलांना काय शिकवतो? की आग विझवायची ती गोऱ्या, मिशीवाल्या पुरुषानंच."

"मिशी खरवडता येईल," मी म्हणालो.

कुणी हसलं नाही. चिटणीस पोन्तुसनं ते लिहूनही घेतलं नाही.

मग सगळ्यांचं लक्ष सेमहारकडे गेलं. म्हणजे तिच्याकडे कुणी बघितलं नाही. दहा माणसं एकाच वेळी तिच्याकडे न बघण्याची खटपट करू लागली, आणि अशा खटपटीचा आवाज होतो. सेमहारचे आईवडील एरिट्रियाचे, ती स्वतः वाढली इथेच स्वीडनमध्ये, वर उत्तरेत स्केलेफ्तियोला. तिची देलिना आमच्या फोल्केएवढी, चार वर्षांची. सेमहार 'नगरपालिकेत' काम करते एवढं आम्हाला ठाऊक होतं. नगरपालिकेत काय, हे विचारणं बरं दिसत नाही, म्हणून प्रत्येकानं आपापल्या मनाशी तिला एकेक नोकरी लावून दिली होती. बहुतेकांनी झाडू दिला होता.

"सेमहार," इल्वा हळुवार म्हणाली, "तुला काय वाटतं बाहुल्यांबद्दल? म्हणजे, तुझ्या बाजूनं?"

सेमहारचे डोळे लाल होते, जांभई दाताखाली दाबलेली. "माझ्या बाजूनं? आणा की बाहुल्या. मुलं कशाशीही खेळतात. मला काय अडचण असणार?"

"धन्यवाद." इल्वानं छातीवर हात ठेवला. "असं मोकळं बोलायला धैर्य लागतं."

सेमहारनं मागे वळून बघितलं, की दुसरंच कुणी बोललं की काय.

इल्वानं खेळण्यातल्या हातोडीनं टेबलावर टोला हाणला. बाहुल्या मंजूर. बंबाचं काय करायचं, हे त्या सभेत कुणी बोललंच नाही. पण आमच्याकडे पुष्कळ गोष्टी सभेत ठरत नाहीत, इतिवृत्तात ठरतात.

ते इतिवृत्त घेऊन पोन्तुसनं मला वाण्याच्या दुकानात गाठलं. मी रिकाम्या बाटल्या परत घेणाऱ्या यंत्रापुढे उभा. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात बाटली, मागे चार जणांची रांग, चष्मा घरी.

"आल्गोत, एवढी सही."

कागद यंत्राच्या पोटावर टेकवून मी सही केली. पस्तीस वर्षं मी लोकांच्या सह्या घेत दारोदार हिंडलो. एकानं कधी वाचून सही केली नव्हती. तेव्हा मी तरी कशाला परंपरा मोडू?

पुढच्या सोमवारी खोकं आलं. बारा बाहुल्या. बाराजणींचे बारा रंग आणि नाक एकच. कारखान्यात साचा एक आणि रंगाचे डबे बारा असणार. पेरूपासून जपानपर्यंत समस्त स्त्रीजातीला शेंड्याला किंचित वर वळलेलं ते नाक, थेट आमच्या इल्वाचं. अकराजणी आपापल्या देशाचे सणासुदीचे कपडे घालून, माळा-बिळा लेवून उभ्या. फक्त स्वीडिश बाहुली साध्या विजारीत आणि सदऱ्यात. बाकीचं जग सदानकदा लग्नाला निघालेलं, आणि आपण तेवढे घरचे. सगळ्यांत काळ्या बाहुलीच्या गळ्यात इल्वानं स्वतः सुंदर अक्षरात चिठ्ठी बांधली होती : 'देलिनाची मैत्रीण'.

आणि दोन बापांनी मिळून बंब माळ्यावर चढवला. देलिना शिडीच्या पायथ्याशी उभी राहून बघत होती, असं नंतर गुन्वोरबाईंनी सांगितलं. रडली नाही म्हणे. शिडी काढून नेईपर्यंत तिथून हललीही नाही.

त्या रात्री फोल्केनं जेवताना मासा चिवडत विचारलं, "देलिनाच्या आईनं आमचा बंब का काढून टाकला?"

"कोण म्हणतं?"

"मेल्केर. त्याच्या आईनं सांगितलं त्याला." मेल्केर म्हणजे इल्वाचा मुलगा. "मेल्केर म्हणतो, देलिनाला खेळायला घ्यायचं नाही."

"मग तू?"

"मी घेतलं," फोल्के म्हणाला. "पण हळूच."

मोठ्यांचं निराळं. आमच्याकडे माणसाला राग आला की तो आधी आभार मानतो. आठवडाभर कोटाच्या खुंट्यांपाशी एकेक पालक सेमहारला गाठून, मान तिरकी करून म्हणत होता, "तू बोललीस ते फार बरं केलंस हं." आणि तिची पाठ वळली की तोच पालक बंबासाठी रडणाऱ्या आपल्या पोराच्या बुटांची नाडी अशी आवळत होता, की पोर आणखी रडावं. कशाबद्दल आभार, ते सेमहारला उमगेना. शनिवारी तिला खुंट्यांच्या वरच्या फळ्यावर टाचलेलं इतिवृत्त दिसलं. ते टाचणीसकट उपटून ती तडक माझ्या दारात.

मी दार उघडलं तर कागद माझ्या नाकाला लागला.

"वाच."

"चष्मा..."

"सही करताना होता का चष्मा?"

"नव्हता."

"मग आता आण. आणि मोठ्यानं वाच."

मी चष्मा आणला. "मुद्दा सहावा. 'सेमहार हिच्या इच्छेनुसार, आणि तिच्या भावनांचा आदर राखून, आगीचा बंब खेळघरातून हलवण्याचे एकमताने ठरले.'"

"खाली सही कुणाची?"

"माझ्यासारखी दिसते."

"तुझ्यासारखी? तुझीच आहे ती, थेरड्या!" दारातून ती आत आली, बसली नाही. "कधी इच्छा केली मी? कुणापुढे केली? आल्गोत, मी 'मुलं कशाशीही खेळतात' म्हटलं. त्याचं हे केलंत? माझी पोर आठवडाभर एकटी बसते. पोरं तिला विचारतात, तुझ्या आईनं आमचा बंब का घेतला. ती घरी येऊन मला विचारते, 'आई, का घेतलास?' काय सांगू तिला? इतिवृत्त वाचून दाखवू?"

"चूक झाली."

"चूक रस्ता विसरण्याला म्हणतात. तुला माहीत आहे का तिला तो बंब काय आहे? माझी चोवीस तासांची ड्युटी असली की ती दुपारी त्यात झोपते. अस्वल नको, गादी नको. बंबात पाय मुडपून झोपते, आणि गुन्वोर वरून पांघरूण घालते. माझी ड्युटी सुटेपर्यंत ती त्या बंबात मला धरून असते. कळलं?"

"चोवीस तास?" मी म्हणालो. "नगरपालिकेत?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं, की मला माझ्याच घरातून बाहेर जावंसं वाटलं.

"अग्निशमन दल नगरपालिकेचंच असतं, आल्गोत. नऊ वर्षं झाली. बंब चालवते मी."

बालवाडीतली सगळी पोरं तिला 'बंबाची आई' म्हणत. आम्हा मोठ्यांना वाटे, देलिना सारखी त्या खेळण्यात बसते म्हणून म्हणतात. मुलांना माहीत होतं. आम्हाला माहीत नव्हतं.

"दोन वर्षांत एकानं विचारलं?" ती खोलीभर फिरत होती. "मूळची कुठली, हे प्रत्येकानं विचारलं. दोन-दोनदा विचारलं, पहिलं उत्तर पसंत पडलं नाही म्हणून. काय करतेस, हे एकानंही नाही. परवा इल्वा म्हणते, बाहुल्यांच्या समारंभाला तुमच्याकडचं काहीतरी करून आण. मी म्हटलं, आमच्याकडचं म्हणजे स्केलेफ्तियोचा आंबवलेला मासा. डबा उघडला की गल्ली ओस पडते. आणू? तर म्हणते, नाही, नाही, अगदी तुमच्याकडचं!"

मला हसू आलं. तिला आलं नाही, म्हणून मीही आवरलं.

"सगळ्या खेळघरात तिच्या आईसारखं दिसणारं एकच खेळणं होतं," ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज खाली आला होता, ते जास्त वाईट. "ते तुम्ही तिच्या आईच्याच नावानं माळ्यावर टाकलंत. ते वाक्य काढ. सही मागे घे."

"मागे घेता येत नाही. सही झाली की इतिवृत्त बदलत नाही. त्याला जादा सभा लागते. आणि जादा सभेला पाच सभासदांच्या सह्या."

"मग गोळा कर. टपाल वाटायचास ना? वाट."

मी निघालो. पाच दारं, पाच सह्या, चाळीस मिनिटं. कुणी विरोध केला नाही. कुणी वाचलंही नाही. सगळ्यांनी दारातच, "हो, हो, इल्वाचं ना?" म्हणत सही ठोकली. तिसऱ्या दारात खिशातून चुकून किराण्याची यादी निघाली. तिच्यावरही सही झाली. अंडी, साबण, बडीशेप, आणि खाली पोन्तुसची झोकदार सही.

तिथे, त्या जिन्यात, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इल्वाचा राग नव्हता. ती निदान काहीतरी करत होती. राग आला तो माझ्यासारख्यांचा. आम्ही भले म्हणवतो, भल्या कागदांवर सह्या ठोकतो, आणि खाली कुणाचं नाव दाबलं जातंय ते बघायला चष्मा घरी विसरतो. मी ती यादी घडी घालून ठेवली.

जादा सभा गुरुवारी भरली. त्याच खुर्च्या, तेच गुडघे. कोपऱ्यात बारा बाहुल्या ओळीत उभ्या, अकरा लग्नाला आणि एक घरी. पोन्तुस वही उघडून बसला, गुन्वोरबाई दाराशी उभ्या राहिल्या. इल्वानं सुरुवात केली, "आधी आपण सगळे एकेका शब्दात सांगू या, आत्ता आपल्याला काय वाटतंय."

"ऐकायला उत्सुक."

"आशा वाटते."

"थोडी दमलेय."

"उत्सुक," पोन्तुस म्हणाला, दुसरा शब्द न सुचून.

"संताप आलाय," सेमहार म्हणाली.

"छान," इल्वा म्हणाली. "त्यालाही इथे जागा आहे."

"जागा नको. वाक्य काढा."

"काढू या, नक्की बोलू या त्यावर. मला फक्त एवढंच वाटतं, की आपल्या सगळ्यांचा हेतू..."

सेमहार उठली. त्या खुर्च्यांतून एकदम उठता येत नाही. खुर्ची कमरेला धरून वर आली, तिनं ती सोडवून जमिनीवर अशी आपटली की बंबवाल्याऐवजी आम्हीच गुलाबी झालो.

"हेतू घरी ठेवा! तुमच्या हेतूनं माझ्या पोरीला वाळीत टाकलंय. मी मागितलं नाही ते माझ्या नावानं मागितलंत, आणि आता सगळे माझे आभार मानताहेत! पोन्तुस, मी बोलले ते चार शब्द लिहायला काय झालं होतं तुला?"

"ते जरा... त्रोटक होते," पोन्तुस म्हणाला. "मी भाव पकडायला गेलो."

"भाव! माझा भाव तुझ्या वहीत नको, माझे शब्द हवेत!"

"सेमहार, पण बाहुल्या..." इल्वा म्हणाली.

"बाहुल्यांनी काय घोडं मारलंय? राहू देत बाहुल्या! काळी आणा, पिवळी आणा, हिरवी आणा. चांगलंच आहे. पण ती काळी मेल्केरला द्या! त्यानं घेऊन झोपावं तिला. ज्याच्या घरात कुणी काळं नाही त्याला गरज आहे तिची. माझ्या पोरीच्या घरात मी आहे. तिच्या गळ्यात कशाला चिठ्ठ्या बांधता? आणि तो मिशीवाला खुपला तुम्हाला. मला विचारलं असतंत तर सांगितलं असतं, आमच्या ठाण्यात तशा मिशीचे तिघे आहेत. त्यांतल्या एकानं मला धुरातून पाय धरून ओढून काढलंय. त्याला काढायचं आणि म्हणायचं सेमहारची इच्छा! माझ्या नावानं चांगलं वागणं बंद करा! वागायचं तर स्वतःच्या नावानं वागा, म्हणजे चुकलं की शिव्या तुम्हाला बसतील!"

इल्वाच्या हातात हातोडी होती, ती तिनं अंगठ्यानं चोळायला सुरुवात केली.

मी उठायचा प्रयत्न केला, दुसऱ्या खेपेला जमला. "मी ते न वाचता सही केली," मी म्हणालो. "रिकाम्या बाटल्या परत करताना. आणि या सभेच्या कागदावर तुम्हीही वाचून केलेली नाही. पोन्तुसनं तर माझ्या अंड्यांना आणि साबणाला मंजुरी दिलीय." मी यादी टेबलावर ठेवली. ती हातोहात फिरली. आमच्या सभेत पहिल्यांदाच एखादा कागद सगळ्यांनी शेवटपर्यंत वाचला.

"मला वाटलं," इल्वा म्हणाली, आणि तिच्या आवाजात कधी नव्हे ती भलेपणा सोडून दुसरं काहीतरी होतं, "मी तुझी बाजू घेतेय."

"माझी बाजू मी घेते," सेमहार म्हणाली. "तोंड आहे मला."

"मी मेल्केरला तसं सांगायला नको होतं."

"नको होतं."

"उद्या त्याला खरं सांगेन. की तू नाही, मी काढला."

"आजच सांग. उद्या सकाळी सातला माझी ड्युटी लागते. देलिना साडेसहाला इथे असेल. तेव्हा बंब खाली हवा."

"आत्ता काढू," दोघे बाप एकदमच म्हणाले.

इल्वानं विचारलं, वाक्य काढायचं, बंब परत आणायचा, चिठ्ठी सोडायची, मंजूर? सगळे 'हो' म्हणाले. हा 'हो' जरा उशिरानं आला, कारण तो म्हणायच्या आधी प्रत्येकजण विचार करत होता. टोला पडला. बाप शिडी आणायला गेले. गुन्वोरबाईंनी, कुणी न सांगता, काळ्या बाहुलीच्या गळ्यातली चिठ्ठी दातानं तोडली.

सेमहार खाली बसली. कुणी तिचे आभार मानले नाहीत. कुणी मान तिरकी केली नाही.

पोन्तुसनं हळूच हात वर केला.

"सेमहार, ते 'माझ्या नावानं'पासून पुढचं परत एकदा सांगशील? जरा सावकाश. पेन अडकलं होतं."